कुणाच्या नावे

सोमवार. उद्यमनगरातल्या भट्ट्या थंड.
आमच्या फौंड्रीत मात्र चहा तिसऱ्यांदा उकळतोय
आणि मोल्डिंगच्या काळ्या रेतीवर
मगदूम सरांनी बोटानं युरोप काढलाय.
इटलीचा बूट जरा फुगलाय.
इंग्लंड भडंगाच्या पुड्याखाली गेलंय.

"हे साराजेव्हो," म्हणत सर तिथं खिळा रोवतात.
"पण खिळा म्हणजे कारण न्हवं. कारण हितं, व्हिएन्नात.
म्हाताऱ्या राजाला एक छोटी लढाई पाहिजे होती,
शेजारच्या पोराला धाकात ठेवायला."

"आणि पाठीवर हात कुणी ठेवला? बर्लिननं,"
पिराजी कवठेकर, आमचा भट्टीवाला.
"तालमीत असंच व्हायचं की.
मारामारी दोघांची. 'हाण, मी हाय' म्हणणारा तिसराच,
आणि पोलीस येतोय तवा त्यो घरात जेवत बसल्याला."

झारचं सैन्य आधी हललं, असं एक मत.
इंग्रज शेवटपर्यंत स्पष्ट बोललाच नाही, असं दुसरं.
सावकार, तोफांचे कारखानदार, वर्तमानपत्रांचे मालक.
यादी लांबत जाते
तसतसा एकेकाचा वाटा बारीक होत जातो.
दुसऱ्या युद्धाला वेळ लागू नये.
जर्मनीच, त्यात काय बोलायचं, सगळे म्हणतात.
मग सर: "आणि त्याला मतं देणारे? पैसा पुरवणारे?
म्युनिकला सही करून
दुसऱ्याचा देश तोडून देणारे?"
पुन्हा आधण.

इलाही शिकलगार कोपऱ्यात ग्राइंडर पुसत होता.
"माझा पणजा बसऱ्याला गेलता. म्हैना अकरा रुपये.
त्याला कुणी इचारलं न्हाई, चूक कुणाची म्हणून.
परत आली ती चिठ्ठी."

नकाशात बसरा बसत नव्हता.
सरांनी हात लांब केला आणि
रेतीच्या बाहेर, फरशीवर,
एक ठिपका काढला.

मी हिशोबाची.
बाईमाणसानं रेतीत उतरू नये म्हणायचे आजोबा,
म्हणून वह्या माझ्याकडे आल्या.
माळ्यावरची त्रेचाळीसची खतावणी,
लाल कापडाची, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
गेल्या दिवाळीत उघडली होती. कुणाला बोलले नव्हते.
*बीड ओतीव, पोकळ, लिंबाएवढं, अंगावर चौकटीच्या खाचा.
नग सातशे चाळीस. सरकारी. रोख.*
खाली त्याच शाईत:
*नवी लेथ. अक्काचं लग्न. अंबाबाईला साडी.*

वही आणून रेतीच्या कडेला ठेवली.
पिराजीनं वाचलं, अक्षर अक्षर लावत.
"लिंबाएवढं म्हंजे?" म्हणाला,
आणि स्वतःच गप्प झाला.
बऱ्याच वेळानं: "आपण काय कुणावर टाकलं न्हाई.
मालकांचं नाव त्या राजांच्या यादीत कसं घालता, ताई?"

घालत नाही, पिराजी. कुठं घालू ते विचारतेय.
जमेच्या बाजूला काय आहे ते दिसतंय.
त्या लग्नातलं घंगाळ अजून आमच्या न्हाणीत आहे,
रोज त्यातलंच पाणी अंगावर घेते.
नावे कुणाच्या?

सरांनी चष्मा पुसला.
चौतीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस म्हणाला,
"परीक्षेत असं विचारत नाहीत.
तिथं 'पाच कारणे लिहा' असं असतं."
कुणी हसलं नाही. भडंग मऊ पडलं होतं.

मंगळवारी पिराजीनं खिळा काढून खिशात टाकला,
रेती चाळली, बेंटोनाइट घातलं, पाणी मारलं.
पंपाच्या साच्यांत युरोप कालवला गेला.
ठिपका फरशीवर राहिला, दुपारी झाडूवालीनं पुसला.

टेबलावर पुण्याहून आलेलं ड्रॉइंग.
भागाचं नाव नाही, नुसता नंबर.
'वापर'च्या रकान्यात आडवी रेघ.
फोन उचलला. ठेवला.
दारात इलाही: "भट्टी लावायची न्हवं?"

किलोचा दर लिहिला.
जीएसटी वेगळा.