जिभांचा हिशेब

नोंदवहीत मीच लिहिलं होतं, ऑक्टोबरात, निळ्या शाईनं:
आयलिफ. वय अकरा. वाचत नाही. बोलत नाही.
'नाही' लिहायला मला कधीच वेळ लागत नसे.

जानेवारीच्या शेवटी लोफोटेनला कॉड आले, अंड्यांनी जड,
आणि वर्गातली मागची ओळ रिकामी झाली.
आमच्या बेटांवर ही जुनीच रीत:
मासा मोठ्यांचा, जिभा पोरांच्या.
बूडोहून परिपत्रक आलं होतं, गैरहजर मुलांची नावं कळवा.
बूट चढवून मी धक्क्यावर गेले,
नाव कळवायलाच, खरं सांगायचं तर.

तो उलट्या पेटीवर उभा होता,
कोपरापर्यंत पिवळं रबर,
पुढ्यात फळीतून वर आलेला वीतभर खिळा.
डोकं उचललं, खिळ्यावर रोवलं, सुरी फिरली,
जीभ बादलीत.
डोकं. खिळा. सुरी. जीभ.
एका श्वासाला एक.
माझ्या वर्गात पेन्सिल धरताना थरथरायचा
तो हाच हात?

विचारणार होते मी बरंच काही.
मास्तरणीच्या जिभेला हाड नसतं, आणि सुट्टीही नसते.
पण वारा असा, की तोंड उघडलं तर दात ठणकावेत,
म्हणून गप्प उभी राहिले.
पुढे ऑस्लोच्या परिषदेत या गप्प राहण्याला
मी पद्धत म्हणाले.
लोकांनी टिपून घेतलं.
थंडी होती, दुसरं काही नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं दुसरी सुरी माझ्याकडे सरकवली,
मूठ माझ्या बाजूला.
पहिली जीभ मी फाडली. दुसरी अर्धीच आली.
तिसऱ्या खेपेला माझं बोट.
तो हसला नाही. चूक म्हणाला नाही.
माझ्या कोपराला खालून नुसतं बोट लावलं,
एवढंसंच,
जसं कुणी होडी धक्क्यापासून मोकळी करतं,
आणि सुरी आपसूक वळली.

बावीस वर्षं शिकवत होते मी.
कोपर म्हणून काही असतं
हे फळ्यासमोर कधी सुचलंच नव्हतं.

त्याच्या खिशात एक वही होती, खवले चिकटलेली.
आठ कीलो हाटेल.
दोन कीलो म्हातारी ओडब्यॉर्ग, ऊधार, मागू नये.
डोकी नायजेरीयाला.
अक्षरं तिरपी, बेरीज बिनचूक,
आणि ते 'मागू नये'
कुठल्या धड्यात शिकवतात कोण जाणे.
मी काय केलं?
मेली सवय. लाल पेन्सिल काढली, 'हॉटेल' नीट केलं.

वही मिटली.
मार्चचे पंधरा दिवस मला फक्त त्याची पाठ दिसली.
हे परिषदेत सांगितलं नाही.

रोज गेले तरी. सुरी घेऊन, पेन्सिल घरी ठेवून.
बोटांना चिंध्या बांधून कापत राहिले,
त्याच्या दहाला माझी एक.

एका सकाळी, रॅकवर डोक्यांच्या माळा वाऱ्यात खडखडत होत्या,
तो त्या माळांकडे बघत म्हणाला,
"नायजेरिया कुठंय?"
मला ठाऊक होतं. नद्या, राजधानी, अक्षांशसुद्धा.
उत्तर जिभेच्या टोकावर आलं
आणि मी जीभ चावली.
"बघायचं?" एवढंच.

शाळेत कुणी नव्हतं. रबरी बूट फरशीवर निथळत होते.
त्यानं आमचं बेट शोधलं, ते नकाशावर ठिपकाही नाही,
मग बोट खाली ओढत नेलं,
वाटेतली नावं एकेक सोडवत,
अडला की थांबत, मी श्वास धरलेला,
मदत न करणं इतकं दुखतं
हे तोवर मला माहीत नव्हतं.
गिनीच्या आखातापाशी एक खवला चिकटून राहिला.
तो मी काढला नाही.

जूनमध्ये पुन्हा तोच रकाना: प्रगती.
तीच निळी शाई. खूप वेळ बसले.
मग लिहिलं: मनगट सैल झालंय. सुरी बरी चालते आता.
डावीकडून अजून जमत नाही.

रकाना त्याचा होता.
मी त्यात माझंच लिहून बसले होते.