वीस टक्के

कायतान मेस्तचं माप सोपं होतं:
दहात सात भाग मिथेनॉल,
एक भाग नायट्रो, मुंबईहून कुणी आणून दिलं तर,
आणि दोन भाग एरंडेल.
"वीस म्हळ्यार वीस," तो म्हणायचा,
"एकुणीस न्हय."

एरंडेल माझ्याकडून जायचं.
फोंड्यात तिस्कावर वडिलांची फार्मसी होती.
शंभर मिलीच्या बाटल्या, पोट साफ होण्यासाठीच्या.
महिन्याला अठरा खपताना पाहून
वडिलांनी एकदा चष्म्यावरून विचारलं,
"मडकईकडे काही साथ आहे का रे?"

मेस्त सगळं गाराफांवात मिसळायचा.
मिथेनॉल हवेतलं पाणी पिऊन बसलं नाही ना, हे बघायला
फेणीचा ग्राव मोजायची काचेची नळी त्यात बुडवायचा,
आणि बाहेरून लाल रंगाने कवटी काढायचा.
शेडमध्ये फेणीही असायची,
आणि कोऱ्या मिथेनॉलचा रंग तोच.

रविवारी भूतखांबाचं पठार.
नुसता जांभा, वाऱ्याला आडवं यायला काही नाही,
कडेला एकच एरंड, कमरेएवढा.
मेस्त येता-जाता त्याला "पात्राव" म्हणायचा.

ग्लोप्लगला दीड व्होल्ट, पंख्याला बोटाचा झटका
(त्याच्या उजव्या तर्जनीला नख नव्हतं),
इंजिन पेटलं की विमानाचं नाक आभाळाकडे धरून
तो डोळे मिटून ऐकायचा
आणि सुई आणखी एक दात उघडायचा.
"धुंवर दिसूंक जाय."

तेल जळत नाही.
जेवढं आत जातं, जवळजवळ तेवढंच बाहेर येतं,
पंखांवर, शेपटीवर, आमच्या शर्टांवर.
घरी जाण्याआधी अर्धा तास पुसत बसायचं.
मी हिशेब केला:
पाचवा हिस्सा नुसता वाहून जाणारा,
त्याने पंखा फिरत नाही, विमान चढत नाही.
एका शनिवारी फार्मसीच्या मापाने
मी बारा टक्के केलं.
मेस्तला सांगितलं नाही.
रंग जरा फिका होता.

उडालं. असं कधीच उडालं नव्हतं.
मागे धूर नाही, आवाज बारीक, उंच,
दातांत जाऊन बसेल असा.
मी मेस्तकडे बघत होतो, तो वर बघत नव्हता,
जमिनीकडे बघून ऐकत होता.
तिसऱ्या वळणावर सगळं गप्प.
टिटवी ऐकू आली.
मग विमान तिरपं होत होत करवंदीत.

त्याने इंजिन या हातातून त्या हातात घेतलं,
फुंकर घातली.
पंखा फिरेना.
शेडमध्ये चार स्क्रू काढले. पिस्टनवर उभे ओरखडे,
मांजराने दार खरवडावं तसे.
"कितलें?"
"बारा."
तो बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला.
"मागीर आठ कोणें पियेलीं?"

नवा लायनर यायला सात महिने लागले.
त्या सात महिन्यांतही रविवारी आम्ही पठारावर गेलो,
का, ते मला सांगता येणार नाही.

मेस्तला जाऊन अकरा वर्षं झाली.
आता पोरं बॅटरीवरची उडवतात,
कोरडी, स्वच्छ, फडकं लागत नाही.
परवा त्याच्या सुनेने विमान आणून दिलं,
जागा अडते म्हणाली.
बाल्साने इतकं तेल पिऊन ठेवलंय
की मेच्या उकाड्यात सांध्यांतून ते काळं पाझरतं.
इंजिन घट्ट. पंखा फिरेना, पुन्हा.
पण या वेळी बारामुळे नाही,
वीसमुळे.
एरंडेल आत गोठून बसलं होतं.

रात्री स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी तापवलं,
इंजिन पिशवीत बांधून त्यात सोडलं.
दहा मिनिटांनी बोट लावलं.
आधी चिकट हालचाल, मग एका जागी तो अडथळा,
दाब, आणि टुक.
झाकण काढून पाहिलं. या आमच्या दमट हवेत,
जिथे सेफ्टीपिनासुद्धा पावसाळा काढत नाहीत,
आत कुठे गंज नव्हता,
फक्त मधासारखा पिवळा लेप.

फार्मसी आता मी चालवतो.
एरंडेल कुणी मागत नाही, पावडर नेतात, संत्र्याच्या चवीची.
सकाळी ऑर्डरच्या वहीत लिहिलं: एरंडेल, शंभर मिली.
पुढचा आकडा अजून घातलेला नाही.