नांगर

वाडी नाक्याच्या अलीकडे ट्रकचा पाटा तुटला.
मिस्त्री म्हणाला, चार तरी वाजतील.
मागे दोरखंडांनी आवळलेली आमची होडी,
निवतीच्या वाळूवर घडवलेली,
भंडाऱ्याच्या पुढे कुठल्याशा धरणावर
माणसं फिरवायला विकलेली.
ऑटोवाले थांबून बघत होते.
एकानं विचारलं, “हे काय जी, विमान?”

बस्त्यावला पाण्याशिवाय बसवत नाही.
“हंय पाणी खंय असा?” त्यानं विचारलं,
ऑटोवाल्याला ते कसं कळलं कोण जाणे,
त्यानं आम्हाला तलावावर सोडलं.

फाटकाला साखळी होती, कुलूप नव्हतं.
तिकिटखिडकीवर वेळा रंगवल्या होत्या,
त्यातलं ‘सायंकाळी’ एवढंच शिल्लक.
काठावर ओळीनं पाच हंस,
पायांनी चालवायचे, दोघा-दोघांचे,
चोचींचा केशरी रंग विटून पार गव्हाळ झालेला.
एकाच्या पोटात कुत्रीनं पिल्लं घातली होती.
मी सवयीनं हात फिरवला.
मॅट बरी होती, रेझिन स्वस्तातलं.
सुट्ट्या लागायच्या आत उरकलेलं काम,
पंचवीसेक वर्षांपूर्वीचं.

“हात नका लावू, ते चावते.”
दशरू दिघोरे. हातात जेवणाचा डबा,
अंगात खाकी सदरा, खिशावर निळ्या दोऱ्याचा नांगर.
मी म्हटलं, नांगर छान विणलाय.
त्यांनी मान खाली घालून खिसा नीट पाहिला.
“नांगर? नांगर तं वावरात राहते जी.
हा गळ हाये.
आमी ढिवर, म्हनून गळ काढला, असं मी समजलो.
तीस वर्षं.”

बस्त्याव हसला नाही. त्यानं काडीनं मातीत
होडी काढली, दोर काढला, तळ काढला,
तळात रुतलेला नांगर काढला.
दिघोरे उकिडवे बसून बघत राहिले.
“म्हन्जे अडकवाचाच हाये नं दोन्हीकडे,”
ते शेवटी म्हणाले, आणि पायानं तळ पुसला.

त्यांचा स्वतःचा डोंगा होता, जलपर्णीत लपवलेला.
“बसा. बारा मिनटं. पन तिकीट लागंन.”
खरंच पुस्तक काढलं, पिवळं, कोपरे कुरतडलेलं.
प्रौढ पाच रुपये. दोन फाडली.
फुकट कोणाले नेलं नाही, म्हणाले, साहेबालेही नाही.

तीन वाजून दहा मिनिटं.
निवतीला त्या वेळी भरती लागलेली असणार,
मी मनात पाणी मोजत होतो,
आणि इथलं पाणी जागच्या जागी,
ताटातल्या वरणासारखं.
बस्त्यावनं बोट बुडवून जिभेला लावलं,
चव घेतली, थुंकला. “अळणी.”
“तुमच्या तिकडचं कसं राहते?” दिघोरेंनी विचारलं.
आम्हा दोघांनाही सांगता येईना.
खारट, म्हणालो.
“ते मालूम हाये.”

मध्यावर त्यांनी वल्हं वर घेतलं.
पलीकडच्या रस्त्यावर कुणीतरी गाडीला किक मारत होतं,
लागत नव्हती, पुन्हा मारत होतं.
“शनवार-रविवारी इथं पाय ठेवाले जागा नसे.
नवी जोडपी हंसात बसत
आन् मंधात आले का पाय थांबवत.
मी काठावरून शिट्टी मारो.
मारो, पन उशिरा.”

परतताना ते ट्रकपर्यंत आले.
आमच्या होडीच्या पोटावर तळवा ठेवला,
बैल विकत घेणाऱ्यासारखी थाप मारली,
मग आतला लोखंडी नांगर दोन्ही हातांनी उचलून बघितला.
“वजनदार हाये.”
खिशावरच्या निळ्या दोऱ्याकडे एकदा पाहिलं,
मग फाट्याकडे निघाले. वळून बघितलं नाही.

बुट्टीबोरीकडे नाही, उमरेडकडे नाही,
भंडारा रोड धरला तेव्हा दिवे लागले होते.
बस्त्याव घरी फोन लावून बसला होता.
“होय गो, होडयेत बसलंव... नागपुराक.
नागपुराक म्हणतंय.
धा रुपये दोघांचे.
नाय गो.
नाय, पिऊक नाय.”