करंगळी जाईल एवढी फट

धायरी फाट्याच्या आत, ओढ्याला लागून
पत्र्याच्या शेडात अकरा गाड्या झोपवल्यात मी.
मालक लांब आहेत. एक स्टुटगार्टला, दोघं मस्कतला,
एक येरवड्यात.
त्याचं भाडं त्याचा मेव्हणा भरतो,
सगळ्यांच्या आधी, रोख.

चाकांखाली विटा, वर कव्हर, बॅटरीची वायर सोडलेली.
पंधरवड्यातून एकदा एकेकीला उठवायचं,
दहा मिनिटं धूर काढू द्यायचा, परत झोप.
बायकांना जमण्यासारखं काम आहे, म्हणाले होते सगळे.
उंदरांचं कुणी बोललं नव्हतं.

मे महिन्यात खांबेट्यांच्या होंडाची वायर गेली.
बिल साडेअकरा हजार.
मुनीर बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला,
"ताई, हल्लीची वायर चवीला बरी असणार."

मग डांबरगोळ्या झाल्या.
गाड्यांना लग्नातल्या शालूचा वास यायला लागला,
उंदरांचं काही अडलं नाही.
तंबाखूच्या पुड्या ठेवल्या इंजिनाजवळ,
अर्ध्या मुनीरनं संपवल्या.
बोहरी आळीतून पुदिन्याचं तेल आणलं.
मांजर पाळलं, नाव ठेवलं क्लच,
ते नावासारखंच निघालं: ऐन वेळी लागत नाही.

गोंदाचा पुठ्ठा एकदाच लावला.
रात्रभर ओरडत होता तो, माझ्या खोलीपर्यंत.
पहाटे चौकटीत बसून
खोबरेल तेलानं एकेक पाय सोडवला,
शेवटच्या पायाला तो मला चावला,
आणि सिंहगड रोडच्या दवाखान्यात इंजेक्शन घेताना
डॉक्टरीणबाईंना मी मांजर सांगितलं.

वर्गणीला आलेली मंडळाची पोरं हसली,
"काकू, बाप्पाचं वाहन आहे ते."
"मग भाडं कोण भरतंय त्याचं?" मी विचारलं,
आणि पावती फाडली दोनशे एक्कावन्नची.

शेवटी एका दुपारी दार ओढून घेतलं,
दिवे घालवले, आणि अंधारात उभी राहिले.
पत्र्यातनं, भिंतीतनं, जोत्याच्या कडेनं
उन्हाचे ठिपके आत आले.
सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू.
मोजले. सत्तेचाळीस.
जेवढे ठिपके, तेवढी दारं.
प्रत्येकात करंगळी घालून बघायची,
जिथं करंगळी जाते तिथं तो जातो.
तारेची घासणी कोंबायची, वर सिमेंटचा गोळा.
चार दिवस लागले. माझी नखं अजून पांढरी आहेत.

सगळं बुजवल्यावर कळलं,
एक बिऱ्हाड आतच राहिलंय.

येरवडावाल्याच्या सफारीत, समोरच्या कप्प्यात:
सीटचा स्पंज, कोर्टाचे कागद बारीक कुरतडलेले,
कुणाच्या तरी शाळेची फीची पावती,
आणि त्या गादीवर पाच पिल्लं,
सोललेल्या शेंगदाण्यासारखी, डोळे मिटलेली.
मुनीर माझ्याकडे बघत राहिला.
मी ऑइलच्या डब्याचं झाकण मागितलं.
गादीसकट उचलून
ओढ्याकाठच्या घाणेरीत ठेवली.
जगली असतील, असं मी म्हणत नाही.
क्लच माझ्या मागं मागं येत होता,
त्याला खोलीत कोंडला.

काल मेव्हण्याचा फोन.
"बारा तारखेला सुटतोय.
गाडी चालू होईल ना, ताई? त्याला माहीत नाही
आम्ही विकायचं बघत होतो."

बॅटरी जोडली. किल्ली फिरवली.
दोनदा खोकली, तिसऱ्यांदा धरलं तिनं.
हात पुसून एसी लावून बघितला, तर जाळीतनं
ज्वारीची फोलपटं उडाली भसकन,
माझ्या केसांत, मुनीरच्या दाढीत,
आणि नखाएवढा एक कपटा
माझ्या मांडीवर येऊन बसला.
चष्मा वर करून वाचला:
हजर राहावे.