मुका माज

गजरी व्याली ती तारीख कॅलेंडरवर आहे,
गॅसच्या नंबराशेजारी: अकरा नोव्हेंबर.
कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली त्याच आठवड्यात.

पहिला महिनाभर दिवसाला बावीस लिटर.
डेअरीवरचा भुजबळ म्हणाला, वहिनी, ही गाय नाही, नळ आहे.
हसलो आम्ही.
नळाला पाणी कुठून येतं
हे टाकी वाजायला लागेपर्यंत कोण बघतं?

मग बरगड्या मोजता यायला लागल्या.
शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे,
पहाटे त्यात दव साचेल असे.
साठ दिवस. सत्तर. पंच्याहत्तर.
ना हंबरणं, ना दुसरीच्या अंगावर उडणं.
सासरे म्हणाले, भाकड जाणार ही. शनिवारी चाकण.
शनिवारला चार दिवस होते.

निमोणकर डॉक्टरीणबाई केडगावहून स्कूटीवर आल्या.
खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवला,
आत हात घातला आणि डोळे मिटले,
लाईट गेल्यावर फडताळात किल्ली शोधावी तसे.
"पिशवी स्वच्छ आहे. बीजांडं झोपलीत. खायला काय?"
वाढं, मी म्हणाले. ऊसतोड चालू आहे, दुसरं काय असणार
भीमेकाठी.
"हिरवं दिसतं. पण कॅल्शियम बांधून घेतं, अंगी लागू देत नाही.
ही आधी दूध देणार. मग स्वतः जगणार.
त्यातून उरलं तर माजावर येणार.
गाईचा हिशोब असाच असतो, बाई."
आणि पॅडवर लिहिलं: क्षार मिश्रण, रोज पन्नास ग्रॅम.

करडं पीठ. ओल्या भिंतीचा वास.
वजनकाटा नाही, म्हणून लेकाच्या खोकल्याच्या बाटलीचं टोपण,
चार टोपणं, सपाट.
पेंडीत कालवलं तर नाक मुरडलं तिनं.
गूळ चोळला, तेव्हा खाल्लं.

त्या शनिवारी टेम्पो आला नाही.
रज्जाकला मीच फोन केला होता, येऊ नको म्हणून.
पुढच्या शनिवारी सासऱ्यांचा गुडघा धरला.
तो मी धरायला लावला नव्हता.

मांडणीवर माझ्याही गोळ्या होत्या, लाल,
आशाताईनं बाळंतपणानंतर दिलेल्या.
तीन पाकिटं, एकही न फोडलेलं.
मळमळतं म्हणून. राहून गेलं म्हणून.
मला कोणी चाकणला नेणार नव्हतं म्हणून.

डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या होत्या,
अशक्त गाईचा माज मुका असतो. रात्री बघत जा.
आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीचीच,
तीनला मोटार चालू करायला उठावंच लागतं.
परतताना गोठ्यात बॅटरी मारायचे.
रोज तेच: शेण, शेपटी, रवंथ.

एकशे दोनाव्या दिवशी शेपटी जरा बाजूला होती.
खाली काचेच्या धाग्यासारखा सोट,
न तुटता लोंबणारा.
बॅटरी हलली तसा लकाकला.
गजरी माझ्याकडे बघत राहिली. तोंड चालूच.

पहाटे दिसला म्हणून संध्याकाळी भरवली.
गोरक्ष खळदकरनं भांड्याचं झाकण उघडलं,
नायट्रोजनची वाफ त्याच्या चपलांवर सांडली.
"ओरडली का?"
नाही.
"मग कळलं कसं तुम्हाला?"
मी म्हणाले, मोटार चालू करायला उठले होते.

चौदा मार्चला पेन्सिलीनं गोल केलाय.
त्या दिवशी उलटली तर पुन्हा गोरक्ष, पुन्हा एकवीस दिवस.
सासरे रोज विचारतात, राहिली का?
चार टोपणं चालू आहेत.

आज एक लाल गोळी फोडली. मळमळलं, व्हायचं तेच.
तशीच गोठ्यात गेले
तर तिनं मनगटापर्यंत हात चाटला,
खरखरीत जिभेनं, बराच वेळ.
माया नव्हे. हाताला मीठ होतं.