डावा खांदा

सात वाजले की लागते रडायला.
मी कूलरमध्ये दुसरी बादली ओतते, नेमकी तेव्हाच.
गुडघे पोटाशी, मुठी घट्ट,
तोंड आधी लाल, मग जांभळं,
मग एक रंग येतो, त्याला मी अजून नाव दिलेलं नाही.

नाव तर तिलाही दिलेलं नाही.
सव्वा महिना झाला. नणंद फोनवर विचारते, बारसं कधी?
मी म्हणते, कानात कुर्र करायला
आधी कान रिकामा तर सापडू दे.

डॉक्टर म्हणाले, कळ येते पोटात, आजार नाही,
वजन छान वाढतंय,
तीन महिन्यांची झाली की थांबेल आपोआप.
आपोआप हा शब्द त्यांनी
रुमालासारखी घडी करून माझ्या हातात दिला.
रात्री उलगडते. कशालाच पुरत नाही.

माणसं येतात, तिला बघतात, मला विचारतात, काय खाल्लंस?
भरीत बंद. शेवभाजी बंद. कळण्याची भाकरीसुद्धा बंद.
मग कुणाला तरी आठवलं, डाळीनं वारा धरतो.
डाळ बंद.
हेमकांत डाळ मिलमध्ये.
भुवयांवर, खिशाच्या शिवणीत, कानामागे
तुरीची पिवळी भुकटी घेऊन घरी येतो.
पगार डाळीचा, आणि मी मऊ भात गिळते,
आणि ती रडते.
बेंबीभोवती हिंग झाला. ओव्याची पुरचुंडी शेकून झाली.
मीठमिरच्या उतरवून गॅसवर टाकल्या,
सगळ्यांना ठसका, तिलाही.
क्षणभर थांबली.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं
आणि पुन्हा.

एका रात्रीचं सांगते.
मी तिला बाजेवर ठेवलं. आपटलं नाही,
पण हळूही ठेवलं नाही.
दार ओढून घेतलं, मोरीत जाऊन
पालथ्या बादलीवर बसले.
अठ्ठावीसपर्यंत मोजलं.
हात थरथरत होते, ते मांडीखाली दाबून धरले,
दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

भिंतीपलीकडच्या सुपडाबाई आल्या,
माहेर पारोळ्याकडचं, केस मोकळे, चष्मा विसरलेला.
'दे आठे तिले.
रडीसन पोर मरत नही वं,
जागीसन माय मरस.'
तिला घेऊन ओट्यावर बसल्या.
ती रडतच राहिली. गप्प करायला गेल्याच नाहीत त्या,
बसची वाट बघावी तशा बसून राहिल्या.
मी चाळीस मिनिटं झोपले.
त्या झोपेची चव अजून आठवते,
कुणी काही बंद केलेलं नव्हतं तिच्यातलं.

हेमकांतची पाळी बाराला सुटते.
चौदा वर्षं चाळण्यांशेजारी उभं राहून
त्याचा डावा कान गेलाय.
हातपाय धुतो, सदरा बदलतो,
तिला डाव्या खांद्यावर टाकतो.
ती त्या कानात जीव तोडून ओरडते
आणि हा खोलीभर असा फिरतो,
जसा मेहरूणच्या काठानं फिरायला निघालाय.
बरं आहे बाबा तुझं, मी म्हणायचे.
चिडून म्हणायचे.

परवा लाइट गेली. कूलर थांबला.
अंधारात तिचा आवाज केवढा,
गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प.
मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर
ती त्याच्या उजव्या खांद्यावर,
तोंड चांगल्या कानाशी.
'अरे, खांदा चुकला.'
'नाही,' तो म्हणाला, 'आज सूर जरा निराळा वाटला.
ऐकून बघतोय.'
बराच वेळ ऐकलं.
'तोच आहे.'
पण खांदा बदलला नाही.
दोन वाजले, अडीच,
घामानं दोघांचे गाल एकमेकांना चिकटलेले,
तो ऐकत होता.

लाइट आली तेव्हा झोपली होती.
हुंदके झोपेतही येत होते, लांब लांब.
त्याच्या कानामागची भुकटी
तिच्या भुवईवर उतरलेली.
मी वाकले,
जिभेच्या टोकानं टिपली.

किती दिवसांनी, डाळ.