पान एकशे बारा

डिचोलीच्या वाचनालयात खोडरबर माझ्या ताब्यात असतो.
नियम जुना आहे: पुस्तक परत आलं
की पेन्सिलीच्या खुणा पुसायच्या, मग कपाटात.
पावसाळ्यात कागद ओलसर होतो,
जोरात घासला तर अक्षरांसकट निघतो.

ही कादंबरी कपाटात फारशी टिकलीच नाही कधी.
नायक तिच्या घरासमोर उभा राहतो, अकरा वर्षं,
आंब्याखाली, ऊनपाऊस अंगावर घेत,
आणि शेवटी मरतो, अर्थात.
तिचं लग्न, तिचं बाळंतपण, तिच्या आईचं तेरावं,
सगळं त्याला त्या झाडाखालून दिसतं.

मळीक कंपाउंडर, वय एकाहत्तर,
पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, "बरें आसा,"
आणि चष्मा पुसत राहिले.
काचा स्वच्छच होत्या.
पुढच्या सोमवारी पुन्हा तेच नेलं.

कॉलेजच्या मुली शेवटची पानं आधी वाचतात.
एकीने जांभळ्या शाईत लिहिलं
(शाई पुसता येत नाही, दंड पंचवीस रुपये):
"असं कुणी माझ्यासाठी का नाही?"
त्याखाली दुसरं अक्षर, तिरकं, घाईचं:
"पत्ता दे."
रोहिदासचं ते. त्याच्या त ची शेपटी मी ओळखते.

मीही वाचली होती, एकोणिसाव्या वर्षी,
माशेलला मावशीकडे, फणसाचे गरे काढता काढता;
चीक हाताला, हात पानांना.
रात्री उठून अंगणात डोकावले होते.
कुणी नव्हतं.
वाईट वाटलं होतं मला.
आज ते आठवलं की कान तापतात.

सुलक्षा चारीने दोन दिवसांत परत आणलं,
प्लास्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारून,
वास येत असल्यासारखं.
"आवडलं नाही?"
ती पंख्याखाली थांबली.
"आमच्या दारात होता एक. पाच वर्षं.
गावाला त्याची दया यायची.
शेजारीण चहा नेऊन द्यायची त्याला, कपबशीतून."
मग म्हणाली, मयेची बस चुकेल,
आणि गेली.

संध्याकाळी खोडरबर घेऊन बसले.
पान एकशे बारा: वैशाखातली रात्र,
तो खाली, वर तिची बंद खिडकी.
लेखक त्या खिडकीला पाषाणहृदयी म्हणतो.
शब्दाखाली मळीकांची रेघ, थरथरती.
आणि समासात, बारीक, सुबक,
औषधाच्या बाटलीवर डोस लिहावा तसा
एकच शब्द:
उकाडा.

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला,
या वेळी खिडकीच्या आतून.
कडी. मालवलेला दिवा. मानेवरून ओघळणारा घाम.
पंखाही बंद,
फाटक वाजलं तर ऐकू यावं म्हणून.

रेघ पुसली. मळीक सोमवारी नवी मारतील.
तो शब्द ठेवला.
नियमात बसत नाही, रजिस्टरात नोंद नाही.

आज रोहिदास आला, तेच पुस्तक मागत.
मी शिक्का मारताना म्हणाला,
"एका मुलीला भेट... म्हणजे, वाचायला द्यायचंय."
"आधी तू वाच," मी म्हटलं. "सगळं. समासासकट."
तो हसला. त्याला वाटलं, मी दंडाबद्दल बोलतेय.

बाहेर खनिजाचे ट्रक चालले होते.
टेबलावरची तांबडी धूळ
मी सकाळपासून तिसऱ्यांदा पुसत होते.